मिस्टेकच्या अलीकडे

उदगीरला, दाळमिलच्या मागच्या गल्लीत
टायरच्या दुकानावर माझा क्लास.
संध्याकाळी सातला खालून रबराचा वास येतो
आणि वर आम्ही एका नामाला
क्रियापदं जोडत बसतो.

त्या दिवशीचं नाम, मिस्टेक.
मी फळ्यावर 'डू' लिहिलं आणि खोडलं.
डू नाही, मेक.
इंग्रजीत चूक करत नाहीत, बनवतात.
चहा बनवावा तशी.
"साखर किती?" मागून कुणीतरी. सगळे हसले.

मग ॲडमिट, करेक्ट, रिपीट.
सिली मिस्टेक पोरांना आवडली.
ऑनेस्ट मिस्टेक कुणालाच पटेना.
प्रामाणिक हाय तर चूक कशी, शाहीन म्हणाली,
चूक हाय तर प्रामाणिक कशी?
लाईट गेली म्हणून सुटले.

मोबाईलच्या उजेडात सांगत राहिले:
आपल्याकडं चूक होते.
दही लागावं, दात पडावा, तशी होते.
केली म्हणतो ती दुसऱ्याची.
इंग्रजीत मात्र वाक्याच्या तोंडाशी
कुणीतरी उभं राहावंच लागतं.

तेव्हा वलांडेकाका उठले.
मिलच्या काट्यावर तीस वर्षं.
मुलीनं फी भरलीय,
बंगळुरूच्या नातवाशी बोलता यावं म्हणून.
"आय," म्हणाले.
खाली कुणी रिम ठोकत होतं.
"आय मेड अ मिस्टेक."

मी शाब्बास म्हणणार होते,
पण ते बसेनात.
"दोन क्विंटल तुरीचा फरक. आकडा माझा.
नाव गेलं इस्माईल हमालाचं.
मालकाम्होरं मी नुसतं म्हणूलालतो,
चूक झालीय, चूक झालीय.
कुणाची, ते वाक्यात नव्हतं."

लाईट आली.
कुणी कुणाकडं बघितलं नाही.
शाहीननं वहीचं पान उगीच उलटलं.

जाताना जिन्यात थांबले.
"मॅडम, पोटात घालणं...
ह्याला काय लावायचं मिस्टेकच्या आधी?"
फरगिव्ह बसतं. ओव्हरलुकही बसतं.
पण पोट कुठंच येत नाही त्यात.
"माहिती नाही काका," म्हणाले.
"असू द्या," म्हणत कठडा धरून
एकेक पायरी उतरले.

इस्माईल आता कुठं असतो,
असतो का तरी,
हे मी विचारलंच नाही.
चूक झाली, असं लिहिणार होते इथं.