रजेची तयारी, जुबैल

जूनमध्ये नळाचं पाणी पोळतं,
म्हणून गीझर बंद ठेवून
त्यातलंच गार समजून घेतो आम्ही.

नेगी सांगतो, तीर्थनचं पाणी
गुडघ्यात कळ आणतं,
ट्राउटला तेच मानवतं.
आणि तिला सावली दाखवायची नाही.

शुक्रवारी पाखरांच्या बाजारातून
गळलेली पिसं आणली, फुकट.
शर्टाच्या बटणांसाठी वैजूनं दिलेल्या
लाल दोऱ्यानं
माशांसाठी माश्या बांधल्या सहा.
एक उडेलशी वाटते.

रात्री कॅम्पच्या गच्चीवर
बिनगळाची दोरी फेकून पाहिली.
डिश अँटेना लागला.
खाली कुणाची तरी मॅच गेली.

रजेचं शटडाऊननंतर बघू, म्हणतात.

तोवर बादलीत बर्फ ओतून
पाय सोडून बसलो, घड्याळ लावून.
चार मिनिटं.
नेगी म्हणाला,
तिथे सकाळ काढायची असते.