चिठ्ठीखालची चिठ्ठी

ओतारूला डिसेंबरात चारलाच अंधारून येतं.
नुमाजिरीसान आत आले,
बुटांवरचा बर्फ झटकायचा विसरले,
आणि रुमालाची गाठ सोडून
काउंटरवर ठेवलं एक पांढरं यंत्र,
खरं तर आता ताकाच्या रंगाचं,
झाकणावर नारिंगी भोवरा.

"चालतं," ते म्हणाले,
"पण दर वेळी तारीख विचारतं."

सगळीच विचारतात.
आतली नाण्याएवढी बॅटरी मेली
की ह्या जातीला एकच दिवस आठवतो,
सत्तावीस नोव्हेंबर, अठ्ठ्याण्णव,
बाजारात उतरली तो.
पुढचं काही नाही.
अडीच वर्षांत कंपनीनं हात टेकले
हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही,
आणि मी कशाला सांगू?

माझ्या मागच्या फळीवर हिचीच भावकी.
दोन पायांवर उभा तो लाल-काळा,
ज्यात डोळे खुपसून बसलं की
मान आखडायची, जग तांबडं व्हायचं.
त्याच्या शेजारी एक अवजड, ट्रंकेसारखा,
पहिल्या दिवसापासून कुणालाच न परवडलेला.
गिऱ्हाइकं विचारतात, ही पडेल मंडळी कशाला पोसतेस?
मी म्हणते, जिंकणाऱ्यांची नवी आवृत्ती येते.
दुरुस्तीला हीच येतात.

यंत्र उलटं केलं. पोटावर किमतीची चिठ्ठी,
तिच्याखाली चिठ्ठी, तिच्याखाली आणखी एक.
केस वाळवायचं मशीन धरलं, डिंक सैल झाला.
नऊ हजार नऊशे.
एकोणीस हजार नऊशे.
एकोणतीस हजार.
कांदा सोलावा तशी वर्षं मागे गेली
आणि नुमाजिरीसान खुर्चीत सरळ बसले.

"तिन्ही मीच चिकटवल्यात.
चौथा मजला, खेळणी विभाग.
हे नमुन्याचं यंत्र, पोरांनी हाताळायचं.
शेवटच्या सेलमध्येही राहिलं,
तेव्हा मीच घेतलं.
विक्रीच्या वहीत त्या दिवशी एक आकडा तरी पडला."

मग आपोआप उभे राहिले. आवाज बदलला,
हात पसरले माझ्या रिकाम्या दुकानाकडे:
"या, बघा! टेलिफोनची तार जोडा,
घरबसल्या परगावच्या माणसाशी खेळा!"
माझ्या घरातला टेलिफोन काढून बारा वर्षं झाली.
तरीही मी क्षणभर भिंतीत तार शोधली.

रुमालात आणखी एक वस्तू होती,
प्लास्टिकची आखूड छडी, रिळासकट,
मासेमारीच्या खेळाची.
"वडील हेरिंगच्या होड्यांवर होते," ते म्हणाले.
"एका वर्षी मासळी आली नाही,
पुढच्या वर्षीही नाही.
समुद्र नापास झाला असं कुणी म्हटलं नाही हो.
जाळी वाळत घातली, आणि बाबा
कॅनिंगच्या कारखान्यात गेले."

मी जुनी बॅटरी उपटली, खाच डाखवली,
पुढच्या वेळी त्यांना त्यांची बदलता यावी म्हणून.
राळेचा वास, चष्म्यावर धूर.
नवी बसवली. वायर जोडली.
भोवरा फिरला, आणि यंत्रानं
नेहमीसारखंच, अगदी आदबीनं, विचारलं,
आज किती तारीख?

नुमाजिरीसानांचा अंगठा बटणावर.
बराच वेळ.
वर्षाला हात लावला नाही, महिन्याला नाही.
फक्त तास पुढे नेले, दहापर्यंत.
"दुकान दहाला उघडायचं," ते म्हणाले,
कुणी विचारलं नसताना.

आता हे यंत्र बरोबर चालेल,
एक एक सेकंद मोजत, चुकीच्या वर्षात.
दुरुस्ती म्हणून हे मला लिहिता येईना.
पावतीवर "बॅटरी, एक" एवढंच लिहिलं.
एकोणतीस हजाराची चिठ्ठी तशीच राहू दिली.

मग त्यांनी छडी मागे नेऊन गळ टाकला
आणि माझा दिवा फोडला.
"माफ करा, माफ करा," म्हणत वाकले,
पण रीळ फिरवायचं थांबवलं नाही.
अंधारात पडदा निळा, पाणी हललं,
कशानं तरी ओढलं खालून,
चांगलंच वजनदार.