हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की माझं टेबल
कोरेगावात, बँकेच्या जिन्याखाली येतं.
टेबल म्हणजे चहावाल्याचा बाक,
वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर फॉर्म, फॉर्मवर दगड.
सकाळचा वारा जरंड्यावरून उतरतो
तो थेट कागदांवर.

संघटनेची चिटणीस मी. बिनपगारी.
पेनं माझी, गोंद माझा,
झेरॉक्सचे पैसे ज्याचे त्यानं,
नाही दिले तर माझेच.

"बाई, आम्ही जिवंत आहोत एवढं लिहून द्या,"
कुमठ्याचे काटकर गुरुजी दरवर्षी हाच विनोद करतात.
दरवर्षी मी हसते.
यंदा हसता हसता त्यांनाच खोकला आला,
मी मुकाट्यानं त्यांचा फॉर्म वर घेतला.

आज मुल्ला गुरुजी आले. वय ब्याऐंशी.
मशीनवर उजवा अंगठा ठेवला. लाल दिवा.
डावा. लाल.
तर्जनी. लाल. मधलं बोट धोतराला पुसून ठेवलं,
तरी लाल.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
"आजोबा, बोटांवर रेघाच नाहीत. झिजल्यात.
सोमवारी या. लिंबू चोळून या."

झिजतील नाही तर काय.
अडतीस वर्षं खडू, आणि फडकं असताना
तळहातानं फळा पुसायची खोड.

साक्षरतेच्या सालात याच गुरुजींनी
तीन वाड्यांवरचे अंगठे बंद केले होते.
रात्री कंदील घेऊन जायचे.
सोसायटीतलं शाईचं पॅड त्यांनी विहिरीत टाकलं
असं लोक सांगतात. ते नाही म्हणत नाहीत.
सखुबाई भोईटेनं पहिली सही केली तेव्हा
ख फाटला, आणि कागदावर आली सरवुबाई.
"चालंल," गुरुजी म्हणाले, "पण अंगठा नको."

आता सरकार त्यांनाच म्हणतं, अंगठा दाखवा.

फरकाच्या हप्त्यासाठी सतरा निवेदनं झाली.
सतरावं घेऊन मी साताऱ्याला गेले
तर साहेब माझ्याच वर्गातला निघाला.
उठून उभा राहिला. खुर्ची दिली, चहा दिला.
अडीचकी अजून पाठ होती त्याची,
म्हणून दाखवली.
फाईल कुठं आहे ते मात्र आठवेना.

सत्कार म्हणाल तर होतात.
पाच सप्टेंबरला शाल, नारळ, चौकट.
मुल्ला गुरुजींच्या चौकटीत मुळे गुरुजी छापून आले.
"एवढी सेवा झाली, नाव कशाला पाहिजे,"
म्हणाले, आणि नारळ ड्रायव्हरला दिला.
शाल ठेवली.
शाल लागते.

संध्याकाळी ऊसतोडीच्या फडावर
ती खोप्यांपुढं अंथरली की बारा पोरं बसतात,
तेरावं कडेला, पाय मातीत.
मी हजेरी घेते. हजेरी म्हणजे आवाज,
वही नाही. टोळी कधीही उठते,
काल दिलेलं अक्षर आज दुसऱ्या गावात असतं.

गुरुजींना उशीर झाला होता.
पैरणीच्या खिशात काहीतरी गोल.
दाव्याजवळच्या पोरीनं बोट लावलं, "ह्ये काय?"
"लिंबू."
"कशाला?"
गुरुजी थांबले. माझ्याकडं बघितलं.
मग लिंबू तिच्या पाटीवर ठेवलं
आणि म्हणाले, "ल शिकायला."

पोरीनं वास घेतला. शेजारच्यानं घेतला.
असं फिरत फिरत ते तेराव्यापर्यंत गेलं
आणि परत आलंच नाही.

सोमवारी दुसरं घ्यावं लागणार.
मुदत तीस तारखेपर्यंत.
बावीस फॉर्म राहिलेत,
त्यातला एक माझा, अजून कोरा.