पुसून वापरावी

चर्चगेटच्या त्या इमारतीत थंड हवा फितींसाठी आहे.
आम्ही त्यांच्या पुण्याईवर गारव्यात बसतो,
मी रोजंदारीवर, आणि फ्रान्सिस डिमेलो,
ज्याला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली
तरी मशीन दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही.

बुरशी आलेली फीत आधी सुकवायची,
मग स्पिरिटचा बोळा, हात हलका ठेवून.
बोळा तपकिरी होत जातो.
"फार घासू नकोस," फ्रान्सिस म्हणतो,
"बोटाला लागतंय ना, तोच आवाज आहे."

सकाळपासून काय काय निघालं:
वाशीचा बाजार नव्हता तेव्हाचे बटाट्याचे भाव.
रॉकेलच्या रांगेवरची श्रुतिका,
जिच्यात शेवटी सगळ्यांना रॉकेल मिळतं.
कुटुंब लहान ठेवा सांगणाऱ्या डॉक्टरीणबाई
आणि त्यांच्या मागे, काचेपलीकडे,
कुणाचं तरी रडणारं मूल.
हरवला आहे, वय वर्षं सात,
अंगात पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, उजव्या भुवईवर व्रण.
सापडला का,
ते कुठल्याच डब्यात नाही.

डबा चारशे सतरा.
झाकणावर जांभळा शिक्का: पुसून वापरावी.
तेव्हा फीत परदेशातून यायची, मोजून मिळायची,
एकावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं भरायचे,
शाळेतल्या पाटीसारखं.
वरचं आहे एका पुलाचं उद्घाटन.
सव्वीस मिनिटं. टाळ्या. पुन्हा टाळ्या.
शेणोलीकर मॅडमचा निरोप आहे, भाषण संपलं की काप.

मी कापायला हात नेला
आणि टाळ्यांच्या खालून, खट्ट,
एक बाई.

"...वायंडिंगला आमी चाळीसजणी व्हतो."
"व्हतो नाही, बाई. होतो."
"होतो."
"हां. पुन्हा पहिल्यापासून.
अगदी घरी बोलता तसं बोला."
"घरी बोलते तशीच तर..."
कागदाची सळसळ. कुणीतरी घसा साफ करतं.
मग ती, एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा,
"आम्ही चाळीसजणी होतो. नवी यंत्रे आली.
आता आम्ही आठजणी आहोत."
"छान."
"अन् साहेब, आज माझा खाडा मांडतील,
त्येचं काय?"

खुर्ची सरकते.
उत्तर यायच्या आत फीत संपली.
सुटलेलं टोक चाकावर फटफट वाजत राहिलं,
आणि आम्ही दोघंही
ते थांबवायला उठलो नाही.

"हा पै," फ्रान्सिस म्हणाला. "माझा पहिला साहेब.
माणूस वाईट नव्हता. चहा स्वतःच्या पैशाने पाजायचा."
"खाड्याचे दिले असतील?"
"व्हाउचरं खालच्या खोलीत होती.
पाणी शिरलं तेव्हा गेली."
थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता,
"तुझा शुक्रवारचा मांडला का रे त्यांनी?"
मांडला होता.

संगणकावर रकाने आहेत.
विषय: पूल.
वक्ता: मंत्रिमहोदय.
दर्जा: उत्तम, शेवटची एकोणपन्नास सेकंदं वगळता.
एक बटण आहे, ते दाबलं की खरखर जाते,
खरखरीबरोबर खुर्ची जाते,
"घरी बोलते तशीच तर" नंतरचा
तिचा थांबलेला श्वासही जातो.
ते दाबलं नाही.

एकोणपन्नास सेकंदांची वेगळी फाईल केली.
वक्ता या रकान्यापाशी बराच वेळ बसलो.
नाव तिने सांगितलंही असेल,
ते पुलाखाली गेलं.
मग तिचंच वाक्य टाईप केलं,
पहिल्यांदा म्हणाली होती तसं:
आमी चाळीसजणी व्हतो.

संगणकाने लगेच खाली लाल रेघ ओढली,
"आमी"च्या खाली एक, "व्हतो"च्या खाली एक,
आणि सुचवलं: होतो.

फ्रान्सिसने डबा चारशे अठरा उघडला.