तीन रकाने

जॉन डे गावाच्या वर, जंगलातला रस्ता
जिथे ओढा ओलांडतो,
तिथे मोरीत वाकून व्हर्ना टेप धरते.
छत्तीस इंच. मी लिहून घेतो.
पुढच्या पुराला पुरायची नाही.

दगडाला बांधलेला तापमापक
वर्षभराचे आकडे ओकतो:
ऑगस्टात सलग अकरा दिवस
एकोणिसाच्या वर.
ट्राउट सावलीकडे सरकले असतील,
वणव्याआधी होती ती सावली.

तक्त्यात जोखमीचे तीनच रकाने:
कमी, मध्यम, जास्त.

व्हर्ना म्हणते, लहानपणी इथे
जुलैत पाय घातला
की नडगीतून कळ जायची.

कळ कुठे लिहू?

बूट काढून उतरतो.
बाळाच्या अंघोळीला
विसण घालून ठेवावं
तसं पाणी.

पेन्सिलचं टोक मोडलंय.
व्हर्ना खिशात चाकू चाचपतेय.