त्र्याऐंशी

ग्राफिक्स कार्ड त्र्याऐंशीवर.
पंखे असे घोंगावतायत की खालून काकूनं विचारलं,
पिठाची चक्की आणलीस का रे?

सौमित्रदादाचा फोन, बंगळुरूहून:
"माझं पासष्टच्या वर जात नाही.
तुझं काहीतरी बिघडलंय."
त्याचं सगळंच पहिल्यापासून बेतात.

बाजूचं झाकण काढलं.
जाळीवर धूळ, किल्ल्याच्या दगडासारखी फिकट पिवळी,
दात घासायच्या जुन्या ब्रशानं झाडली.
पेस्ट बदलली, वाटाण्याएवढी.
तरी त्र्याऐंशी.

मे महिना, लष्कर, दुपारचे तीन.
दौलतगंजात कुत्रीसुद्धा दुकानांच्या पायऱ्यांखाली.
आमचं छत दगडी पट्ट्यांचं,
सकाळपासून ऊन पिऊन बसलेलं.
औषधकंपनीनं बाबांना दिलेला थर्मामीटर
भिंतीवरून काढून मशीनशेजारी ठेवला.
बेचाळीस.

दादा, तुझ्या खोलीत किती?
"चोवीस. एसी आहे ना."

वहीच्या मागच्या पानावर मांडलं:
त्र्याऐंशी वजा बेचाळीस.
पासष्ट वजा चोवीस.
एक्केचाळीस. एक्केचाळीस.
हातचासुद्धा घ्यावा लागला नाही.

फोनवर जरा वेळ कुणीच बोललं नाही.
"मग ठीकच आहे म्हणायचं," दादा म्हणाला,
"पण जप."

आई वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत होती.
म्हणाली, हल्ली तू फार लवकर तापतोस.
मी म्हटलं, आधी खोली वजा कर.

ती हसली नाही.
पाण्याचा मग तसाच हातात धरून
बराच वेळ छताकडे बघत राहिली.