ब्यानी कोण?

अनगोळच्या त्या घरात मी नवी.
आंबोलीचा घाट चढून आलेली,
पर्समध्ये सावंतवाडीचा पास, संपलेला,
आणि हातात त्यांनी दिलेला तक्ता :
श्वास. कण्हणं. चेहरा. अंग. समजावल्यावर निवते का.
प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन.
बेरीज दहाच्या वर जात नाही.
खाली सहीची जागा.

सुलोचना बिर्जे, वय एक्क्याऐंशी, खोली चार.
मुलाचं नाव विसरून दोन वर्षं झाली,
पण कुणी दारात आलं की हसायचं
हे विसरलेली नाही.
"आजी, दुखतंय काही?"
"नाही गं. बस की. चहा घेतलीस?"
चेहरा : शून्य.

तक्त्याच्या मागच्या बाजूला कानडी होतं.
मी पाठ केलं, एका दुपारी धीर करून विचारलं :
नोवु इदेया?
बँकेतला साहेब घरी आल्यासारखी
ती पदर सावरून बसली.
अंग : शून्य.

आंबिलीची वाटी तिने तिसऱ्यांदा सारली.
रात्रपाळीने लिहिलेलं : हट्टी.
त्याखाली मीही लिहिलं : हट्टी.
माझं अक्षर चांगलं आहे, स्वच्छ वाचता येतं.

पहाटे गेटावरून मालगाडी जाते,
खाटेचे पाय थरथरतात,
आणि ती भिंतीकडे तोंड करून
कुणाला तरी हाक मारते :
ब्यानी... ब्यानी...
गेलेली बहीण असेल. किंवा गाय.
किंवा पाळण्यातच राहिलेली एखादी मुलगी,
जिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.
मी मुलाला फोन लावला.
"ब्यानी? आमच्यात कुणी नाही हो.
आई बैलहोंगलकडची, पण कानडी तिने
लग्नानंतर ओठांवर आणलं नाही.
आजीला चालायचं नाही."

दुरगव्वा फरशी पुसत होती.
पोचा पिळला, बादलीच्या काठावर ठेवला.
"ब्यानी माणूस नव्हं री.
ब्यानी अंदर दुखणं.
पुस्तकात नोवु असंल. आमच्या तोंडात ब्यानी."
मग, माझ्याकडे न बघता :
"चार दिस झालं म्हंत्या. मला वाटलं, तुमी लिवताय."

बॅटरी धरून तोंड उघडलं.
डावीकडे, अगदी मागे,
अर्धी तुटलेली दाढ, काळी,
आणि तिच्याभोवती टम्म हिरडी.
एवढं घेऊन ती मला चहाचं विचारत होती.
तक्त्यात रकाना नाही
साठ वर्षं सासरी
न कण्हण्याचा सराव केलेल्या बाईचा.

दाढ निघाली. आंबील गेली, अर्धी वाटी.
लग्नाआधीचं नाव नीलव्वा,
हेही दुरगव्वाकडूनच कळलं.
ते फाइलमध्ये कुठे लिहायचं, विचारलं,
तर ऑफिसात म्हणाले, आधारवर आहे तेच.
मी समासात लिहिलं, पेन्सिलने :
ब्यानी. उच्चार असाच.
पहाटे विचारा. हसली तरी विचारा.

काल डबल ड्यूटी झाली.
तिची उशी सारखी करताना
माझी कंबर धरली, आणि मी
क्षणभर खाटेचा दांडा पकडला.
तिने माझ्या मनगटाला हात लावला.
"निनगू ब्यानी येनऽ?"
तुलाही?

"नाही हो," मी म्हणाले. हसले.
कुणीही शून्यच दिला असता.
ती मात्र बघत राहिली,
हात काढला नाही.